गाभडलेल्या गाई, परतून येणारा ताप आणि गावाचे एकच तळे

पत्र : आमच्याकडे सहा गाई आणि दहा-बारा शेळ्या आहेत. गावाला चराईसाठी एकच गायरान आहे आणि उन्हाळ्यात जनावरांच्या पाण्यासाठी एकच तळे उरते. गेल्या दोन महिन्यांत आमच्या दोन गाई सातव्या महिन्यात गाभडल्या. दोघींचीही वार अडकली. ती सासूबाईंनी आणि मी हातानेच ओढून काढली आणि बांधापलीकडे टाकली. शेजाऱ्यांचीही एक गाय तशीच गाभडली. तळ्याचे पाणी बाधले, असे लोक म्हणतात. गोष्ट फुटण्याआधी दोन्ही गाई बाजारात विकून टाकू, असे दीर म्हणतात. इकडे सहा आठवडे सासऱ्यांना ताप येतो आणि जातो, रात्री घामाने अंथरूण भिजते, कंबर धरली आहे. तपासणीत मलेरिया नाही आणि क्षयही नाही असे निघाले. दोनदा औषधे बदलली. ताप उतरला आणि पुन्हा आला. भीतीपोटी आम्ही त्यांचे ताट आणि पांघरूण वेगळे केले आहे. माझी जाऊ पाच महिन्यांची गरोदर असून धारा तीच काढते. घरात सहा महिन्यांच्या दोन कालवडीही आहेत. गाई विकाव्यात का? तळे बंद करायला सांगावे का? घरातली वडीलधारी माणसे कच्चे दूध ताकदीचे मानतात. ते प्यावे का?

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाच्या दोन गोष्टी तुम्ही दूरदूरच्या वाक्यांत लिहिल्या आहेत, म्हणून आधी त्या शेजारी-शेजारी ठेवते. घरातल्या गाई सातव्या महिन्यात गाभडल्या आणि त्याच घरातल्या माणसाला सहा आठवडे येणारा-जाणारा ताप आहे. सासऱ्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांना गाईंची हकीकत बहुधा कोणी सांगितलेली नाही आणि उद्या गोठ्यात येणाऱ्या पशुवैद्यकांना सासऱ्यांच्या तापाविषयी कोणी सांगेलच असे नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र ठाऊक असलेल्या तुम्हीच आहात. म्हणून उद्या सकाळी डॉक्टरांकडे जाऊन एवढेच सांगा : “आमच्या दोन गाई गाभडल्या, त्यांची वार आम्ही उघड्या हातांनी काढली, घरात कच्चे दूध प्यायले जाते, आणि यांना सहा आठवडे ताप आहे, ब्रुसेलोसिसची तपासणी करावी का?” गाई विकायच्या की नाही हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

ब्रुसेलोसिस म्हणजे ज्याला आपण जनावरांतील सांसर्गिक गर्भपात म्हणतो तो रोग. ब्रुसेला नावाच्या जिवाणूंपैकी एक जात प्रामुख्याने गाई-म्हशींत आढळते आणि दुसरी शेळ्या-मेंढ्यांत. माणसाला अधिक त्रास देणारी ही दुसरी जात होय, आणि एकत्र चरणाऱ्या कळपांत ती गाईंपर्यंतही पोहोचते. गाभण काळाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात गर्भ पडणे आणि त्यानंतर वार अडकणे ही गाईंतील त्याची ओळखीची खूण. तुम्ही लिहिलेले वर्णन तंतोतंत तसे आहे. तरीही मी येथे बसून निदान करणार नाही, कारण गाई गाभडण्याची कारणे अनेक असतात : लेप्टोस्पायरोसिस आणि क्यू ताप हे जिवाणूंचे दुसरे रोग आहेत, कुत्र्यांच्या विष्ठेतून पसरणारा निओस्पोरा नावाचा परजीवी आहे, बुरशी लागलेला चारा आहे आणि काही वेळा नुसती उपासमारही आहे. रक्ताची तपासणी झाल्याशिवाय कोणाही जाणत्याच्या शब्दावर, माझ्याही, विसंबू नका.

माणसातला ब्रुसेलोसिस फसवा असतो. संसर्ग झाल्यापासून साधारण दोन ते चार आठवड्यांत, तर कधी काही महिन्यांनीसुद्धा ताप सुरू होतो. घाम, अंगदुखी, कंबर आणि सांधे धरणे, अन्नावरची वासना उडणे, विलक्षण थकवा ही सगळी लक्षणे टायफॉइड, मलेरिया, क्षय आणि संधिवात यांच्याशी इतकी मिळतीजुळती आहेत की रोग्याच्या गोठ्यात काय घडले हे कोणी सांगितले नाही तर उत्तम डॉक्टरसुद्धा दुसरीकडेच शोधत राहतो. काही प्रतिजैविकांनी ताप तात्पुरता उतरतो, घरातल्यांना हायसे वाटते, औषध थांबते आणि ताप परत येतो. उपचार आहे आणि तो चांगला आहे, पण त्यासाठी सहसा दोन प्रतिजैविके एकत्र आणि किमान ६ आठवडे घ्यावी लागतात. दुसऱ्या आठवड्यात बरे वाटू लागले म्हणून औषध सोडणे ही या रोगात सर्वांत अधिक होणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण जिवाणू पेशींच्या आत दडून राहतो आणि पुढे मणक्यात, सांध्यांत, वृषणात, क्वचित हृदयाच्या झडपांतही उठतो. निदान ब्रुसेलोसिसचे निघाले तर सासऱ्यांच्या गोळ्यांचा हिशेब घरातल्या एका माणसाने स्वतःकडे घ्यावा. रक्तातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीसाठी (कल्चर) रक्त जाणार असेल तर प्रयोगशाळेला संशय आधी कळवण्याची विनंती डॉक्टरांना करा. हा जिवाणू हाताळताना प्रयोगशाळेतील माणसांना संसर्ग झाल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत.

तुम्ही आणि सासूबाईंनी वार हाताने काढली आहे. आज तुम्हा दोघींना काहीच होत नसले तरी तुमचीही तपासणी करून घ्या आणि पुढचे काही महिने कोणताही लांबलेला ताप किरकोळ समजू नका. गाभडलेल्या गाईची वार आणि तिच्याबरोबर येणारे पाणी यांत या जिवाणूंची संख्या प्रचंड असते. हातावरची एवढीशी चीर, डोळ्यात उडालेला थेंब, किंवा जवळून घेतलेला श्वासही त्यांना पुरतो. माझ्या पशुवैद्यकीय व्यवसायातल्या कितीतरी जणांना हा रोग गाई विणवताना झालेला आहे, म्हणून हे मी फार कळकळीने सांगते. जाऊबाईंना आजपासून धारा काढणे, गोठा झाडणे आणि विणाऱ्या जनावराजवळ जाणे यांतून मोकळे करा. गरोदर स्त्रीला हा संसर्ग झाला तर गर्भपाताचा धोका वाढतो. त्यांना आता ताप नसला तरी त्यांच्या डॉक्टरांना ही हकीकत कळलीच पाहिजे.

आता गोठ्याकडे वळू. पशुवैद्यकांना बोलवा आणि गाभडलेल्या दोन गाईंचेच नव्हे, तर सगळ्या गाईंचे आणि शेळ्यांचेही रक्त तपासायला सांगा. रोझ बेंगॉल ही साधी, लवकर निकाल देणारी चाचणी आहे. तिच्यात दोष दिसला तर पुढची खात्रीची चाचणी करतात. पुन्हा एखादी गाय गाभडली तर गर्भाला किंवा वारेला हात लावू नका, नमुना पशुवैद्यकांनाच घेऊ द्या. वार अडकली तर ओढू नका. ओढल्याने गाईच्या गर्भाशयालाही इजा होते. जे जमिनीवर पडले असेल ते हातमोजे घालून, नसतील तर जाड प्लास्टिकच्या पिशव्या कोपरापर्यंत बांधून, नाकातोंडावर कापड घेऊन उचलावे आणि पाण्यापासून दूर, कुत्र्या-कोल्ह्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे किंवा जाळावे. जागेवरही चुना किंवा जंतुनाशक टाकावे, आणि भिजलेले गवत-काडी त्याच खड्ड्यात जावे. बांधापलीकडे टाकलेली वार कुत्र्यांनी ओढून नेली असणार, आणि ती कोठे नेली हे आता कोणाला सांगता येणार नाही. त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. पिढ्यानपिढ्या तसेच होत आले आहे, आणि कोणी वेगळे सांगितले नव्हते.

कच्च्या दुधाविषयी वडीलधाऱ्यांशी बोलताना त्यांचा मान राखूनच बोला, पण बोला. दूध उकळल्याने त्याची ताकद जात नाही. ब्रुसेला मात्र मरतो. दुधाच्या कारखान्यांत ६३ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात आणि तेवढ्याने तो नष्ट होतो. घरी चांगली उकळी आली की काम झाले. कच्च्या दुधाचे दही, लोणी, चीज आणि चीक हेही त्यात धरा. या दुधाची सांगण्यासारखी एक कथा आहे. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना असाच लांबणारा ताप यायचा. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांनी १८८७ मध्ये मृत सैनिकांच्या प्लीहेतून त्याचा जिवाणू वेगळा काढला, पण तो येतो कोठून हे पुढची जवळजवळ अठरा वर्षे कोणाला उलगडले नाही, कारण संशय पाण्यावर, हवेवर आणि घाणीवर होता. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामित या माल्टातल्याच डॉक्टरांनी शेळ्यांचे रक्त तपासले, तेव्हा दारोदार फिरवून दुभल्या जाणाऱ्या, दिसायला ठणठणीत शेळ्यांत तो सापडला. पुढच्या वर्षी सैन्याचे शेळीचे दूध बंद केले आणि सैनिकांतला ताप झपाट्याने ओसरला. नागरिकांचे दूध चालूच राहिले आणि त्यांच्यात ताप पुढेही कित्येक वर्षे राहिला. शेळ्या ठणठणीत दिसत होत्या, हे त्या कथेतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे आणि तुमच्या विक्रीच्या प्रश्नाचे उत्तर तेथूनच सुरू होते.

बहुतेक गाई या रोगात एकदाच गाभडतात. पुढच्या वेळी त्या गाभण राहतात, दिवस भरून वितात, दूधही देतात, आणि मालकाला वाटते की ते एक वाईट वेत होते. पण जिवाणू कासेत आणि तिच्या जवळच्या लसिकाग्रंथींत बहुधा आयुष्यभर टिकतो आणि दर विण्याच्या वेळी व दुधातून बाहेर पडत राहतो. प्रतिजैविके देऊन अशी गाय खात्रीने रोगमुक्त करता येत नाही, म्हणून तशी कोणी हमी देत असेल तर पैसे खर्च करू नका. आता तुमच्या दिरांचा विचार करा. बाजारात घेणाऱ्याला धडधाकट गाय दिसेल, तो ती आपल्या कळपात नेईल आणि पहिल्याच वेताला त्याच्या गाभण गाईंना संसर्ग देऊ शकेल. त्याच्या घरी कदाचित तुमच्या जाऊबाईंसारखी कोणी असेल. माल्टाच्या शेळ्यांचा शोध लागला त्याच वर्षी तेथून शेळ्या भरून एक जहाज अमेरिकेकडे निघाले. वाटेत ज्या खलाशांनी त्यांचे कच्चे दूध प्यायले त्यांपैकी बरेच जण याच तापाने पडले. जनावर विकले म्हणजे रोग घराबाहेर गेला असे होत नाही. ज्या बाजारात तुम्ही विकता त्याच बाजारातून तुमचा शेजारी विकत घेतो, आणि त्याची गाय तुमच्याच तळ्यावर येते.

दिरांना मी वाईट माणूस समजत नाही. दोन दुभत्या जनावरांचे मोल घरातून जाताना पाहणे सोपे नाही, आणि प्रामाणिकपणाचा सगळा खर्च एकाच घराने का सोसावा, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. काही देशांनी दोषी जनावरे काढून टाकून मालकांना भरपाई दिली आणि त्या बळावर रोग संपवला; जेथे भरपाई नव्हती तेथे लोकांनी जनावरे लपवली. तुमच्याकडे काय नियम आहे ते पशुवैद्यकांकडून समजून घ्या. तपासणीत गाई दोषी निघाल्या आणि त्या ठेवाव्याच लागल्या, तर त्यांना कळपापासून वेगळे बांधा, गाभडल्यानंतरचा स्राव पूर्ण थांबेपर्यंत गायरानावर आणि तळ्यावर मुळीच सोडू नका, त्यांच्या धारा शेवटी आणि हात झाकून काढा, दूध उकळूनच वापरा आणि त्यांचे पुढचे विणे इतर जनावरांपासून दूर, साफ करता येईल अशा जागी होऊ द्या. हे कष्टाचे आहे, पण अशक्य नाही. विकत घेतलेले कोणतेही नवे जनावर तपासणी झाल्याशिवाय कळपात सोडायचे नाही, हा नियमही याच वेळी घरात लावून घ्या.

तळ्याविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण गावाचा राग तेथे एकवटलेला दिसतो. पाणी आपोआप ‘बाधत’ नाही. ब्रुसेला पाण्यात वाढत नाही. गर्भ, वार किंवा त्यांचा स्राव तळ्याच्या काठावर, ओल्या सावलीच्या मातीत किंवा चाऱ्यावर पडला तर तो तेथे आठवडे, थंडीत महिनेसुद्धा टिकून राहतो, आणि पुढे येणारे जनावर तीच जागा हुंगते, चाटते, तेथले गवत खाते. उघड्या, कोरड्या उन्हात तो काही तासांत मरतो. म्हणजे धोका तळ्यात जितका आहे त्यापेक्षा तळ्याभोवतीच्या दाटीत अधिक आहे. वर्षभर चार-पाच ठिकाणी विखुरणारी जनावरे उन्हाळ्यात एका पाणवठ्यावर आणि हिरवळीच्या एका पट्ट्यावर उभी राहतात, त्यांतल्या कितीतरी गाभण असतात, आणि मग एका गाईचे गाभडणे ही सगळ्या गावाची गोष्ट होते. हे पाळीव जनावरांपुरतेच नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या बायसन या रानगुरांत हा रोग १९१७ मध्ये दिसला, आणि तो तेथे गाईगुरांकडूनच गेला असे मानतात. जवळच्या वायोमिंग राज्यात हिवाळ्यात एल्क हरणांना ठरावीक जागी गवत घालतात, तेथे दाटीने जमणाऱ्या हरणांत त्याचे प्रमाण मोकळ्या फिरणाऱ्या कळपांपेक्षा जास्त आढळले आहे. चारा आणि पाणी एका जागी कोंडले की रोगही तेथेच ठाण मांडतो.

त्यामुळे तळे बंद करू नका. बंद केल्यास जनावरे आणखी लहान डबक्यावर आणखी दाटीने जमतील. जनावरांनी तळ्यात उतरणे बंद करा. पाणी उपसून किंवा नळीने काढून काठापासून दूर, कोरड्या उन्हाच्या जागी दोन-तीन टाक्यांत द्यावे, टाक्यांभोवती मुरूम टाकावा म्हणजे चिखल होणार नाही, आणि काठाला काटेरी कुंपण घालावे. दुभती गाय उन्हाळ्यात दिवसाला ५० लिटर आणि त्याहून अधिक पाणी पिते, तेव्हा उपसण्याचे श्रम मोठे आहेत हे मी जाणते. पण त्यातून आणखी एक लाभ होतो. तळ्यात उभ्या राहणाऱ्या जनावरांच्या आणि उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा हा दुसरा जिवाणू पाण्यात येतो आणि अनवाणी, जखमेच्या पायाने पाण्यात उतरणाऱ्या माणसाच्या शरीरात शिरतो. उपसलेल्या पाण्याने तोही धोका कमी होतो. विण्याला आलेल्या गाई शेवटचे काही आठवडे गायरानावर न सोडता घरी बांधून चारणे, हा दुसरा नियम. ज्या जागी गाय गाभडली ती जागा साफ करून काही आठवडे चराईतून वगळणे, हा तिसरा.

असे नियम वरून लादले की मोडले जातात. सामायिक कुरणे, पाटाचे पाणी आणि मासेमारी यांचा अभ्यास करून २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले, की वापरणाऱ्यांनीच ठरवलेले, त्यांनीच राखण केलेले आणि पहिल्या चुकीला हलकी शिक्षा देणारे नियम पिढ्यानपिढ्या टिकतात. हलक्या शिक्षेचा भाग तुमच्या गावाने विशेष लक्षात घ्यावा. गाभडल्याचे कळवणाऱ्यालाच तळ्यावरून हाकलले, तर पुढचा माणूस वार रात्री पुरेल किंवा गाय पहाटे विकेल. कळवणाऱ्याला पाणी घरपोच मिळेल, असा ठराव झाला तर लोक कळवतील.

गावासमोर बोलण्याचे ओझे तुम्ही एकट्या घेऊ नका. ज्यांची गाय गाभडली त्या शेजाऱ्यांशी आधी बोला; त्यांनाही हीच भीती आहे आणि तेही गप्प आहेत. दोन्ही घरे मिळून पशुवैद्यकांकडे गेली म्हणजे ‘रोग कोणी आणला’ हा वाद उभा राहण्यापूर्वीच ‘तपासणी कधी करायची’ हा प्रश्न गावासमोर येईल. सभेत सासूबाईंना बोलू द्या. वार त्यांनी स्वतःच्या हातांनी काढली आहे. त्यांनी ते सांगितले तर ऐकणाऱ्या प्रत्येक घरातल्या बाईला आपले हात आठवतील.

कालवडींसाठी वेळ थोडा आहे. गाई-म्हशींच्या मादी वासरांना साधारण ४ ते ८ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस एकदाच देतात; तुमच्या कालवडी सहा महिन्यांच्या आहेत, म्हणजे पुढच्या भेटीतच हे काम व्हावे. लस जिवंत जिवाणूंची असते, म्हणून ती पशुवैद्यकीय माणसानेच द्यावी, नर वासरांना आणि गाभण गाईंना देऊ नये, आणि टोचताना सुई कोणाच्या हाताला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कोणत्या वासराला केव्हा लस दिली याची नोंद ठेवा, कारण पुढे त्या जनावराच्या रक्ततपासणीचा अर्थ लावताना ती लागते. शेळ्यांसाठी वेगळी लस आहे. ती तुमच्याकडे मिळते का, हे पशुवैद्यक सांगतील.

सासऱ्यांविषयी एक गोष्ट राहिली. ब्रुसेलोसिस माणसाकडून माणसाला अगदी क्वचित होतो. एकत्र जेवल्याने, शेजारी बसल्याने, त्यांच्या पांघरुणाला हात लावल्याने तो होत नाही, आणि क्षय नसल्याचे तपासणीत आलेलेच आहे. सहा आठवडे तापात पडलेल्या माणसाला आपले ताट बाजूला मांडलेले दिसणे किती लागत असेल याची कल्पना मला येते. गाई विणवायला त्यांना पाठवू नका, पण बाकी गोठ्यात दोन घटका बसायची त्यांची इच्छा असेल तर बसू द्या, आणि त्यांचे ताट आज रात्रीपासून सगळ्यांच्या पंगतीत मांडा.